कोल्हापुरात पोर्ट वाइन साठवायची तर कोणती?

‘वाइन जेवढी जुनी तेवढी भारी’ हे वाक्य आयुष्यात कधी वाइन न चाखलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. पोर्टच्या बहुतेक बाटल्यांना ते लागू पडत नाही. दुकानात दिसणारी बरीचशी पोर्ट बाटलीत भरली त्याच दिवशी प्यायला तयार असते. दहा वर्षं कपाटात ठेवली तर ती सुधारत नाही, उलट हळूहळू तिचा फळांचा वास आणि तजेला जातो.

बाटलीत पडून खरोखर मुरणारे, सहज ओळखता येतील असे प्रकार तीनच: व्हिंटेज, क्रस्टेड आणि न गाळलेली लेट बॉटल्ड व्हिंटेज. बाकी सगळं आणावं आणि प्यावं. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. पण हे असं का, हे कळलं नाही तर लेबलवरची मोठी मोठी नावं वाचून भलतीच बाटली गळ्यात पडते. शिवाय आपल्या गावात उन्हाळा आहे, पूर आहे आणि परवान्याचा कायदाही आहे.

आधी पोर्ट म्हणजे काय ते बघू. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यातल्या उभ्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून द्राक्षं लावलेली आहेत. मार्किस पोंबाल या पोर्तुगालच्या कारभाऱ्याने १७५६ साली या भागाची सीमा आखून दिली. याच सीमेतल्या द्राक्षांची आणि ठरलेल्या पद्धतीने केलेली वाइन ती खरी पोर्ट. द्राक्षं चिरडून रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत निम्मी साखर संपते. त्या घडीला त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचंच स्पिरिट ओततात, चार भाग रसाला साधारण एक भाग. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. गुऱ्हाळावर काहील नेमकी कधी उतरवायची हे गुळव्याच्या हातात असतं, जरा इकडेतिकडे झालं की गूळ बिघडतो; स्पिरिट ओतण्याची घडी तशीच असते. हाती येते ती १९ ते २२ टक्के अल्कोहोलची, लिटरला शंभरेक ग्रॅम साखर असलेली वाइन. साधी वाइन १२ ते १४ टक्क्यांची असते. त्यामुळे पोर्टचा ग्लास छोटा असतो आणि मधुमेह असलेल्याने तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

गोव्याहून लोक ‘पोर्ट वाइन’ म्हणून जी स्वस्त गोड बाटली आणतात, ती या खोऱ्यातली नाही. नाव तेवढं एक. तिला नावं ठेवायचं कारण नाही, नाताळच्या केकबरोबर ती छान लागते. पण ती मुरत नाही, त्यामुळे साठवायच्या यादीतून ती लगेच बाद.

लाकूड की काच

पोर्टचे प्रकार पाठ करत बसण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: ही वाइन म्हातारी कुठे झाली? लाकडात की काचेत?

लाकडाचा रस्ता असा. साधारण ५५० लिटरच्या जुन्या पिंपात वाइन वर्षानुवर्षं ठेवतात. लाकडातून हवा अगदी थोडी थोडी आत जाते आणि वाइनचं थोडं बाष्पही उडतं. गडद लाल रंग आधी विटकरी होतो, मग तपकिरी. ताज्या फळांची चव जाऊन अक्रोड, सुकवलेली जर्दाळू, जळकी साखर, संत्र्याची साल असं काहीतरी येतं. ही टॉनी पोर्ट. १०, २०, ३०, ४० वर्षांच्या टॉनी मिळतात. पण ‘२० वर्षं’ म्हणजे आतला प्रत्येक थेंब २० वर्षांचा नव्हे. वेगवेगळ्या सालांच्या वाइन मिसळून त्या वयाची चव साधतात आणि दोरू-पोर्तो वाइन संस्थेकडून ती मंजूर करून घेतात. जे काही म्हातारपण यायचं ते पिंपात येऊन गेलेलं असतं. बाटलीत भरल्यावर गोष्ट संपली. म्हणून टॉनीच्या मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल लिहिलेलं असतं ते बघा. जेवढं अलीकडचं, तेवढं चांगलं.

काचेचा रस्ता उलटा. व्हिंटेज पोर्ट एकाच सालच्या उत्तम द्राक्षांची असते आणि फक्त दोन-तीन वर्षांत, न गाळता बाटलीत भरतात. तेव्हा ती जवळजवळ काळी दिसते आणि जिभेला कोरड्या सुपारीसारखी तुरट लागते. बाटलीत हवा जवळपास नसतेच. त्या बंद अंधारात तुरटपणा देणारी टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. या गाळाला क्रस्ट म्हणतात. गाळ खाली गेला की वरची वाइन मऊ होत जाते, फळांच्या चवीमागून चामडं, तंबाखू, चॉकलेट असे वास डोकं वर काढतात. याला वीसेक वर्षं सहज लागतात. चांगल्या सालाची बाटली चाळीस-पन्नास वर्षंही टिकते. १९६३ सालच्या व्हिंटेजचं कौतुक अजून चालू आहे.

तर साठवायला लागतो तो गाळ. ज्या वाइनमधून तो आधीच गाळून टाकला आहे तिच्यात पुढे घडण्यासारखं फारसं उरत नाही.

या कसोटीवर बाकीचे प्रकार झटपट निकालात निघतात. रुबी आणि रिझर्व्ह रुबी तरुणपणीच पिण्यासाठी बनवलेल्या, गाळलेल्या असतात. व्हाइट पोर्टमध्ये टॉनिक वॉटर, बर्फ आणि लिंबू घालून उन्हाळ्यात प्यावी. रोझेचंही तेच. यातलं काहीही कपाटात ठेवून देऊ नका.

सगळ्यात जास्त घोटाळा लेट बॉटल्ड व्हिंटेज, थोडक्यात एलबीव्ही, या नावाने होतो. दुकानात ‘व्हिंटेज’ हा शब्द आणि खाली साल दिसलं की माणसाला वाटतं, लॉटरी लागली. ही वाइन एकाच सालची असते हे खरं, पण ती चार ते सहा वर्षं मोठ्या लाकडी टाक्यांत राहून मग बाटलीत येते. टेलर्स कंपनीने १९६५ सालची अशी वाइन १९७० मध्ये बाजारात आणली आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. हॉटेलवाल्याला गाळ काढायची कटकट न करता सरळ ग्लासात ओतता यावी, हा त्यामागचा विचार. म्हणून बहुतेक कंपन्या ती गाळून भरतात. अशी बाटली आजची आज उघडा.

पण काही उत्पादक ती न गाळता भरतात. लेबलवर ‘अनफिल्टर्ड’ किंवा ‘बॉटल मॅच्युअर्ड’ असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ विक्रीआधी ती निदान तीन वर्षं बाटलीत राहिलेली आहे. दुकानात उभ्या उभ्या ओळखायची खूण म्हणजे बूच. वर प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हाताने उपटता येणारं आखूड बूच असेल तर ती प्यायची बाटली. कॉर्कस्क्रू लागेल असं लांब, पूर्ण आत बसवलेलं बूच असेल तर कंपनीलाच ती काही वर्षं टिकावी असं वाटतंय. न गाळलेली एलबीव्ही पाच ते दहा वर्षांत छान बदलते आणि व्हिंटेजच्या मानाने बरीच स्वस्त असते. माझ्या मते कोल्हापुरातल्या घरासाठी सगळ्यात शहाणपणाची खरेदी हीच.

व्हिंटेज दरवर्षी होत नाही. साल चांगलं वाटलं तरच कंपनी ते ‘जाहीर’ करते, दशकातून साधारण तीनदा. २००७, २०११, २०१६ ही अशी सालं. २०१६ पाठोपाठ २०१७ देखील बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं, तेव्हा या व्यापारात त्याचीच चर्चा होती, कारण लागोपाठ दोन सालं सगळीकडे जाहीर होणं ही रीत नव्हती. जी सालं अशी जाहीर होत नाहीत, त्यांत अनेक कंपन्या आपल्या एकाच उत्तम मळ्याची ‘सिंगल किंता’ व्हिंटेज काढतात. ग्रॅहम्सचा मालवेदुश, टेलर्सचा व्हार्जेलश हे त्यातले गाजलेले मळे. पद्धत अगदी व्हिंटेजचीच, पण किंमत कमी आणि दहा-पंधरा वर्षांत तयार. घाई असलेल्याने इकडे वळावं.

क्रस्टेडमध्ये दोन-तीन सालांच्या वाइन एकत्र करून न गाळता भरतात. लेबलवरचं साल द्राक्षांचं नसतं, बाटलीत भरल्याचं असतं. गरिबाची व्हिंटेज म्हणता येईल, फक्त आपल्याकडे ती दुकानात दिसणं मुश्कील.

आता जन्मसालाच्या बाटलीचा विषय. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत मूल जन्मलं की त्याच्यासाठी पोर्टचं अख्खं पिंप राखून ठेवायचे आणि ते २१ वर्षांचं झालं की उघडायचे. आपल्याकडे कुणाला हे करायचं असेल आणि मूल नुकतंच झालेलं असेल, तर त्या सालची व्हिंटेज जाहीर होते का याची दोन-तीन वर्षं वाट बघावी. नाहीच झाली तर सिंगल किंता. पण भाची आधीच पंचविशीची असेल तर व्हिंटेज शोधत फिरू नका. तिच्या सालची कोल्येइता शोधा. कोल्येइता म्हणजे एकाच सालची टॉनी, निदान सात वर्षं लाकडात ठेवलेली. पुष्कळदा वीस-तीस वर्षंही ठेवतात. आणली की वाढदिवसालाच उघडा, ठेवायची गरज नाही.

इथला उन्हाळा

पुस्तकात लिहिलेलं असतं: १२ ते १५ अंश तापमान, अंधार, दमट हवा, हादरे नकोत. कोल्हापुरात यातली दमट हवाच तेवढी फुकट मिळते, तीही जून ते सप्टेंबर.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ३६-३८ अंशांपर्यंत जातो. सोलापूर-विदर्भवाल्यांना हे ऐकून हसू येईल, पण बाटलीच्या दृष्टीने हे जास्तच आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. मग वीस वर्षांचं काम दहा वर्षांत उरकेल, असा हिशेब कुणी मांडेल. तसं होत नाही. सगळ्या क्रिया सारख्या पटीने धावत नाहीत. फळांची चव आधी शिजून जाते आणि तुरटपणा मागे राहतो. याहून वाईट म्हणजे चढउतार. दुपारी वाइन फुगते, बुचाला बाहेर रेटते. संध्याकाळी वळीव पडला की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. बुचाभोवती चिकट ओघळ दिसला की समजा, हे होऊन गेलं.

गंमत म्हणजे पोर्तुगीजांनाही हीच अडचण होती. दोरूच्या वरच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथेच ठेवलेली वाइन लवकर तपकिरी होते आणि तिला भाजका वास येतो. या व्यापारातले लोक त्याला ‘दोरूची भाजणी’ अशा अर्थाचं नाव देतात. म्हणून थंडी संपली की पिंपं सपाट तळाच्या रबेलो नावांतून नदीने खाली, समुद्राजवळच्या विला नोव्हा द गाया या पोर्तोसमोरच्या गावी आणायचे. तिथली हवा गार आणि दमट. नदीवर धरणं झाली आणि नावा बंद पडल्या, पण गायाची गोदामं आजही आहेत. ज्यांनी ही वाइन जन्माला घातली त्यांनीच ती उन्हातून हलवली, तर आपण ती गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये ठेवून कसं चालेल?

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहतो, तिथे माळ्यावर किंवा वरच्या कप्प्यात काहीही ठेवू नका. पेठांमधल्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून काही घरांना हातभर जाडीच्या भिंती आहेत, आणि आतल्या अंधाऱ्या कोठीच्या खोलीत मे महिन्यातही बाहेरच्यापेक्षा बराच गारवा असतो. (कोठीत आईचं राज्य असेल तर परवानगीचा प्रश्न तुम्ही तुमचा सोडवा. आणि कांदा-लसूण चटणीच्या डब्यापासून बाटली लांब ठेवा, उग्र वास वाइनजवळ नको.) पण कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर त्या जागी एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत ठेवून बघितल्याशिवाय महाग बाटली आणू नका. वर्षभर २५ च्या आत राहिलं तर न गाळलेली एलबीव्ही चार-पाच वर्षं बिनधास्त ठेवा. व्हिंटेज मात्र नको. तिच्यासाठी वाइन कूलरच हवा, १४ अंशांवर लावलेला. वीज चार तास गेली तरी भरलेला कूलर फारसा तापत नाही. दार उघडून बघत बसला नाहीत म्हणजे झालं. साधा फ्रिज मोठ्या मुदतीसाठी कामाचा नाही. तो फार गार आणि फार कोरडा असतो, वर्षानुवर्षांत बूच सुकतं.

तळघर म्हटलं की युरोपातलं तळघर डोळ्यांसमोर येतं. कोल्हापुरात आधी पूररेषा बघायची. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या तळमजल्यांत शिरलं. अशा भागात तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये वीस वर्षांचा बेत करू नये. पुराचं पाणी लागलेल्या बाटलीचं लेबल जातं, बुचाचा भरवसा राहत नाही.

पावसाळ्याची दमट हवा बुचाला मानवते, पण लेबलवर बुरशी चढते आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला वाळवी. बाटलीला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा, खोकं फेकून द्या. लांब बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या, लेबल वर. एकदा ठेवल्या की फिरवायच्या नाहीत, कारण गाळ एकाच बाजूला बसायला हवा. पूर्वी तर बाटलीची वरची बाजू कळावी म्हणून तिच्यावर पांढऱ्या रंगाचा फटकारा मारायचे. टोपीच्या बुचाच्या बाटल्या उभ्या.

हे सगळं वाचून वैताग आला असेल तर एक आडवाट आहे: मडेरा. पोर्तुगालच्याच मडेरा बेटावरची ही फोर्टिफाइड, म्हणजे पोर्टसारखीच स्पिरिट घातलेली वाइन मुद्दाम उष्णतेत मुरवतात. साध्या प्रकारात टाकीत ४५-५० अंशांवर निदान तीन महिने, उंची प्रकारात उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षं. जिला आधीच एवढं भाजलंय तिला कोल्हापूरचा मे काय करणार? उघडल्यावरही ती महिनोन् महिने टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्याला शोभणारी वाइन तीच, फक्त मिळायला दुर्मीळ.

परवाना आणि पैसा

महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि घरात किती ठेवायची यालाही मर्यादा आहे. वर्षाचा किंवा आजीवन परवाना काढा, आणि मर्यादेचा आकडा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयातच विचारून घ्या, कट्ट्यावर नको. गोव्यातून येताना आंबोली, इन्सुलीकडे तपासणी होते. तिथली दारू परवानगीशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे, मग ती चारशेची असो की चार हजारांची. परदेशातून विमानाने येणाऱ्या माणसाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. दुबईचा भाऊजी किंवा लंडनची बहीण येणार असेल तर चॉकलेटांऐवजी हे सांगा. आयात शुल्कामुळे इथल्या दुकानातली किंमत तिथल्यापेक्षा फार वर जाते. आणि गुंतवणूक म्हणून बाटल्या घ्यायचा विचार डोक्यातून काढा. परवान्यावर घेतलेली दारू विकता येत नाही, विक्रीला वेगळा परवाना लागतो.

मला कुणी सहा बाटल्यांचा सल्ला विचारला तर मी म्हणेन: एकाच सालच्या, एकाच कंपनीच्या न गाळलेल्या एलबीव्ही तीन. एक लगेच उघडा, दुसरी दोन-तीन वर्षांनी, तिसरी आणखी तेवढ्याच काळाने. मुरणं म्हणजे काय ते या तिघींतून जेवढं कळेल तेवढं लेख वाचून कळणार नाही. एक सिंगल किंता, कूलर असेल तरच. आणि टॉनी दोन, १० वर्षांची आणि २० वर्षांची, या दिवाळीपर्यंत संपवायच्या. मोठ्या व्हिंटेजला यात जागा नाही, आणि ते जाणूनबुजून.

उघडताना गाळ असलेली बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता, शेवटी मलमलीच्या कपड्यातून. खूप जुनं बूच भुगा होतं, तेव्हाही मलमलच कामाला येते. पुस्तकातलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे १६-१८ अंश, आपल्या खोलीचं नव्हे, तेव्हा लाल पोर्टलाही अर्धा तास फ्रिजमध्ये बसवा. टॉनी त्याहून जरा गार. तांबड्या-पांढऱ्याच्या जेवणात पोर्ट आणू नका, तिखटाने ती नुसती जळजळते. जेवण पूर्ण झाल्यावर अक्रोड, बदाम, कडू चॉकलेट किंवा निळ्या बुरशीचं चीज, आणि साठ-सत्तर मिलीचा एक ग्लास.

उघडलेली टॉनी फ्रिजमध्ये महिनाभर चांगली राहते. रुबी आणि गाळलेली एलबीव्ही आठ-दहा दिवस, न गाळलेली चार-पाच. जुनी व्हिंटेज दोन दिवसांत उतरते, त्यामुळे ती उघडायची तर आधी चार-पाच माणसं पक्की करा आणि मग बुचाला हात लावा.